पाचवी पाटी

“सगळ्यांनी हात वर केले होते, बाबा. एकूण एक माणसानं. मग काल सकाळी सगळ्यांच्या होड्या तिथंच कशा?”

 लतीफबाबा बकरीच्या खुरातला काटा काढत होते.

तुळशीराम टेकडी चढून आला होता आणि त्याला धाप लागली होती. बाबांनी बस म्हटलं नाही, तरी तो बसला. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन होता तो. चेअरमनला बस म्हणावं लागत नाही.

खाली धरणाचं पाणी होतं. म्हणजे असणार. दिसत काहीच नव्हतं. श्रावणातलं धुकं असं साचलं होतं की बाबांची फकिरी झोपडी, म्हणजे तकिया, त्यावरचं हिरवं निशाण आणि ही दोन माणसं, एवढंच काय ते जगात उरलं होतं. आणि बकरी.

“हात कशासाठी वर केले?” बाबांनी विचारलं.

“गावठाणाच्या पाण्यात जाळं टाकायचं नाही म्हणून.”

गावठाण म्हणजे जुनं गाव. धरण झालं तेव्हा ते बुडालं आणि भोई मंडळी वर माळावर येऊन राहिली. भिंती अजून पाण्याखाली उभ्या आहेत. त्यांच्या आडोशाला मरळ अंडी घालते आणि पिलं हिंडती होईतो राखत बसते. तिथंच जाळी पडायची. मासा दरसाल कमी होत चालला होता. यंदा पिलं वाचली नाहीत तर पुढच्या साली तलाव बाहेरच्या ठेकेदाराला देऊ, असं वरून सांगून झालं होतं. मग भोयांनी आपल्याच पाण्यात दुसऱ्याच्या होडीत रोजानं बसायचं.

तुळशीरामाची झोप त्यानंच उडाली होती. माणूस वाईट नव्हता. नुसता शिकून आला होता.

“आधी आमच्या बैठका कशा व्हायच्या, ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“इथवर ऐकू यायच्या.”

“एक म्हणतो पाणी कमी, दुसरा त्याच्या आज्याचं काढतो. मागं तर तराजूचं पारडं फेकून मारलं. म्हणून मी जिल्ह्याला शिबिराला गेलो, बाबा. बैठक कशी चालवायची त्याचं शास्त्र असतं.”

त्यानं पिशवीतून पाट्या काढल्या. शाळेतल्या, दगडी, लाकडी चौकटीच्या. एकेक करून ओट्यावर मांडल्या. त्यांवर रंगानं ठळक लिहिलं होतं. पाहिलं. भ्यालो. मिळेल. करू.

“पहिल्या फेरीत फक्त डोळ्यांनी पाहिलेलं बोलायचं. दुसरीत फक्त भीती. तिसरीत फायदा. चौथीत काय करायचं ते. सगळ्यांनी एका वेळी एकाच अंगानं विचार करायचा. भांडणाला जागाच राहत नाही.”

“आणि कोणी भलतंच बोललं तर?”

तुळशीरामानं पिशवीतून पितळी घंटा काढली आणि वाजवली.

धुक्यात तो आवाज लांबवर गेला आणि परत आला नाही.

“छान आहे,” बाबा म्हणाले. “किती जणांवर वाजवली?”

“कोंडीबातात्यावरच जास्त. म्हातारा ऐकतच नाही. पहिल्या फेरीत म्हणतो, माझ्या घराचा उंबरा सागवानी होता. मी घंटा वाजवली. तात्या, आज पाण्यात काय दिसतं ते सांगा. भीतीच्या फेरीत परत उंबरा. परत घंटा. फायद्याच्या फेरीत…”

“उंबरा.”

“उंबरा! मग चौथ्या फेरीत गप्प बसला.”

“आणि हात वर केला.”

“केला की. सगळ्यांनीच केला. एक शिवी नाही, एक आरडाओरडा नाही. अशी बैठक आमच्या भोयांत झालीच नव्हती.”

हे सांगताना त्याची छाती अजून फुगत होती. ठराव पाण्यात गेला तरी बैठक नीट झाली, असं समाधान माणसाला असतं. असल्या समाधानाचं काय करायचं, ते त्याचं त्यालाच माहीत.

“आज संध्याकाळी परत बैठक आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “आज नाही जमलं तर पिलं गेली. पद्धतीत कुठं चुकतंय तेवढं सांगा.”

बाबांनी काटा उपसला. बकरी ओरडली नाही. तिनं नुसता पाय उचलून खाली ठेवून बघितला.

“थांब जरा,” बाबा म्हणाले. “गाव उठेल आता.”

“कुठलं गाव?”

बाबांनी हनुवटीनं खाली दाखवलं.

…

वारा सुटला आणि धुकं पातळ झालं. आधी पाण्याचा एक तुकडा दिसला, शिशासारखा. मग एक होडी दिसली. मग तिच्या शेजारी दुसरी.

सगळ्या तिथंच होत्या. ठराव झाला होता तरी. कोणी हलत नव्हतं. माणसं आपापल्या होडीत पाठीत वाकून बसली होती, ओसरीवर बसावीत तशी.

“बघा! बघा, कसे निर्लज्जासारखे…”

“गप. गल्ली बघ.”

“गल्ली?”

“होड्यांच्या मधून जाते ती. त्या वाकड्या वळणापर्यंत. तिथं कोणी होडी लावत नाही. मी इतकी सालं वरून बघतो, एकानंही लावली नाही.”

तुळशीराम बघत राहिला.

पाण्यावर एक मोकळा पट्टा होता. दोन्ही अंगांना होड्या, मधे वाट. पुढं ती वाट रुंद व्हायची. तिथं चावडी होती. पलीकडे आणखी एक पट्टा फुटायचा. तो विहिरीकडे जायचा.

हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. तो लहान होता तेव्हा गाव बुडालं. पण बापाच्या होडीत बसून तो शिकला होता. हिरवं निशाण आणि पलीकडचा सुळका एका ओळीत आला की वल्हं थांबवायचं. का, ते बापानं सांगितलं नव्हतं. यानं विचारलं नव्हतं. प्रत्येकाची अशी एक ओळ होती आणि दुसऱ्याच्या ओळीत कोणी जाळं टाकत नसे.

प्रत्येक जण आपल्या घरावर जाळं टाकत होता.

“वळणावर एक जागा रिकामी आहे,” बाबा म्हणाले. “ती कोणाची?”

…

“माझी.”

“काल नव्हती रिकामी.”

“काल मी यांना धरायला गेलो होतो.”

“बरं. होडीत जाळं होतं?”

तुळशीरामानं घंटेचा लोलक बोटांनी धरून ठेवला, त्यानं मधेच बोलू नये म्हणून.

“होतं.”

“परत आलास तेव्हा कोरडं होतं?”

…

…

“नाही.”

 बाबांनी पाट्यांकडे बघितलं. मग पिशवीत हात घालून आणखी एक पाटी काढली.

“ही कोरी कशी?”

“पाचाचा गठ्ठाच मिळतो, बाबा. ही जास्तीची आहे.”

बाबांनी ती मांडीवर घेतली. नमाजाआधीच्या वजूच्या तांब्यात बोटं बुडवली आणि पाटीवरून फिरवली. आडवी, उभी, मग एकदा गोल. काळ्या दगडावर ओली रेघ चमकली.

तुळशीरामानं मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न केला. अक्षर ओळखेना. उर्दू असावं, असं त्याला वाटलं. रेघ एका बाजूनं वाळत आली आणि बघता बघता नाहीशी झाली.

“ही कितवी फेरी, बाबा?”

“आधी ठेव.”

“किती वेळ?”

“वाळेस्तोवर.”

“आणि यात बोलायचं काय?”

बाबांनी हात पुढं केला. तुळशीरामाला वाटलं, पाटी परत मागतात. पण बाबांनी घंटा घेतली, तिच्यात सुतळी ओवली आणि बकरीच्या गळ्यात बांधली.

“अहो बाबा, ती बैठकीची आहे!”

“हिला लागते,” बाबा म्हणाले. “धुक्यात हरवते.”

…

संध्याकाळी मासे तोलायच्या शेडमध्ये मंडळी जमली. भुरभुर चालू होती. पत्र्यावर तिचा आवाजही होत नव्हता, इतकी बारीक.

तुळशीरामानं चार पाट्या भिंतीला पालथ्या लावून ठेवल्या. पाचवी मधोमध तराजूवर ठेवली. बोटं पाण्यात बुडवली आणि बाबांनी काढलं होतं तसंच, आठवेल तसं, काढलं. आडवं, उभं, मग गोल.

“हे आणि काय नवीन?” सारजाकाकी म्हणाली. सोसायटीत तिच्याइतकी तोंडाळ दुसरी नव्हती आणि तिच्याइतकं चांगलं जाळंही कोणाला विणता येत नव्हतं. “काय लिहिलंय रे?”

“वाळेस्तोवर बोलायचं नाही, काकी.”

“मग आज मुक्कामच की. श्रावणात माझं लुगडं वाळत नाही, तुझी पाटी कधी वाळायची?”

माणसं हसली. मग गप्प झाली.

खरंच, पाटी वाळेना. हवा इतकी दमट होती की रेघ तशीच चमकत राहिली. कोणी तिच्याकडे बघत होतं, कोणी बाहेर पाण्याकडे. शेडच्या तोंडाशी पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं. मधे काही दिसलं तर ते वरचं की खालचं, सांगता आलं नसतं.

तुळशीरामाला उठून काहीतरी बोलावं असं फार वाटलं. चेअरमनला गप्प बसणं जड जातं. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

…

“सागवानी होता,” कोंडीबातात्या म्हणाला.

पाटी अजून ओली होती. तुळशीरामाचा हात सवयीनं घंटेकडे गेला. घंटा नव्हती. हात रिकामाच परत आला.

“उंबरा माझा. बापानं अख्खं झाड आणलं होतं. पाणी आलं तेव्हा दारं काढून नेली, तुळ्या नेल्या. उंबरा निघाला नाही.” म्हातारा थांबला. “माझी आई त्या उंबऱ्यावर पाय देत नसे. ओलांडायची. आता मी त्याच्यावर रोज जाळं ओढतो.”



“आमची चूल वैलाची होती, दोन भांडी एकदम चढायची,” सारजाकाकी म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. “मागल्या साली जाळ्याबरोबर तिचं एक खापर वर आलं. काळं होतं अजून. इतकं पाणी प्यालं, पण काजळी गेली नाही.”

“काय केलंस त्याचं?” कोणीतरी विचारलं.

“परत टाकलं. तिथंच. नेम धरून.”

“मी वळणावर राहायचो,” तुळशीराम म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो चेअरमनसारखं बोलला नव्हता.

“काल मी तुम्हाला धरायला आलो होतो. पण होडी थांबली ती माझ्या दारात. आणि जाळं… टाकलं मी.”

“बघितलं आम्ही,” कोंडीबातात्या म्हणाला.

“मग बोललात का नाही?”

“तुझ्या दारात तू काय करतोस ते आम्ही कसं बोलणार?”

…

मग कोण आधी बोललं, कोण नंतर, याला काही धरबंध राहिला नाही. कोणाचा गोठा, कोणाची बाळंतिणीची खोली, कोणाच्या परसातला शेवगा. भांडण मात्र झालं नाही. आणि मधेच सारजाकाकीनं विचारलं,

“मरळ नेमकी बसते कुठं रे?”

“भिंतीच्या कोपऱ्यात,” तुळशीराम म्हणाला. “जिथं पाणी हलत नाही तिथं.”

“म्हणजे माझ्या चुलीपाशी.”

“असेल.”

“म्हणजे माझ्या घरी लेक बाळंतपणाला आलीय. आणि मी वरून जाळं टाकतेय.”

शेडमध्ये इतकी शांतता झाली की आता भुरभुरही ऐकू यायला लागली.

“मी नाही टाकणार बाई,” सारजाकाकी म्हणाली. “कोणी काही ठरवा.”

कोणी काही ठरवलं नाही. कोणी हात वर केला नाही. कोंडीबातात्या उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, “पण जाणार मी. सकाळी. जाळं नेणार नाही. नुसता जाऊन बसेन.”

“जा की,” कोणीतरी म्हणालं. “घर तुझंच आहे.”

सगळे उठून गेले तेव्हा पाटी वाळली होती. कधी वाळली, ते कोणी बघितलं नव्हतं.

…

दुसऱ्या दिवशी तुळशीराम आधी पाण्यावर गेला. निशाण, सुळका काहीच दिसत नव्हतं, तरी आपल्या ओळीवर त्यानं सवयीनं वल्हं थांबवलं. धुकं होतं. आजूबाजूला होड्या होत्या हे खोकण्यांवरून कळत होतं. एकाही होडीवरून जाळं पडल्याचा आवाज आला नाही.

पाण्यात त्याच्या दाराशी तांबूस काहीतरी हललं. ढगासारखं पसरलं, परत गोळा झालं. पिलं होती. त्यांच्याखालून एक मोठी काळी सावली सावकाश फिरून गेली.

तो बराच वेळ बसून राहिला. मग टेकडी चढला.

धुक्यात घंटा वाजत होती. तिच्या मागं मागं जाऊन त्याला तकिया सापडला. त्यानं सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते की डुलकी काढत होते, कळायला मार्ग नव्हता.

“आता ही पाटी मी दर बैठकीला ठेवणार आहे, बाबा,” शेवटी तो म्हणाला. तो परत जरासा चेअरमन झाला होता. “शेजारच्या सोसायट्यांनाही शिकवीन म्हणतो. फक्त एक सांगा… तुम्ही तिच्यावर लिहिलं काय होतं?”

लतीफबाबांनी डोळे उघडले.

“लिहिलं कुठं? धूळ होती. पुसली.”