इंदुताईंचा एकोणिसावा नवस

“अक्का, ‘व्हेन’च्या पाठोपाठ ‘विल’ का नाही चालत? बाळ अजून यायचंय ना? मग ‘येईल’ नको का म्हणायला?”

मठाच्या पायरीवर चपला काढता काढताच इंदुताईंनी विचारलं. घरापासून त्या जवळजवळ पळतच आल्या होत्या.

मुलगा हृषी लहानपणी तापानं फणफणला होता, तेव्हा त्यांनी पहिला नवस केला होता. पोर उठून बसलं तर वर्षभर गोड खाणार नाही. पोर उठलं, आणि इंदुताईंनी संक्रांतीचा तिळगूळसुद्धा कपाळाला लावून परत ठेवला. तेव्हापासून अठरा नवस झाले. एकही चुकला नाही, की एकही वेळेआधी फेडला नाही. याचा त्यांना थोडा… थोडा कसला, चांगलाच अभिमान होता.

एकोणिसावा सध्या दांडीला टांगलेला होता.

मठाच्या मंडपात लोखंडी दांडी होती. लाल फडक्यात बांधलेले नवसाचे नारळ तिच्यावर ओळीनं लटकत. मागणं पुरं झालं की ज्यानं त्यानं आपला नारळ सोडायचा आणि फोडायचा, असा तिथला रिवाज.

हृषीनं तिकडे आयर्लंडमध्ये परस्पर लग्न लावलं, ऑर्लाशी. आधी घरी येऊन पाया पडा, मग सुनेशी बोलेन, असं इंदुताई म्हणाल्या, आणि बघता बघता तीन वर्षं गेली. मुलाशी बोलणं व्हायचं. सुनेशी अवाक्षर नाही. मग कळलं, ऑर्लाला दिवस गेलेत. इंदुताई विरघळल्या, पण रीतसर. बाळबाळंतीण सुखरूप असली तर मी आपणहून तिच्याशी बोलेन, असं दत्तमहाराजांना सांगून त्यांनी नारळ बांधला.

आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन अक्कांपुढे बसल्या.

अक्कांनी चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेलं. आता त्या मठामागच्या खोलीत राहत, मंडपाची झाडलोट करत. पण कुणी चुकीचं इंग्रजी बोललं की हातातला झाडू आपोआप खाली यायचा.

आजही आला. वहीत लिहिलं होतं, ‘व्हेन द बेबी विल कम, आय विल टॉक टू यू.’ बाळ येईल, तेव्हा मी तुझ्याशी बोलेन.

अक्कांनी पहिल्या ‘विल’वर पुन्हा काट मारली. ‘जेव्हा’च्या आणि ‘जर’च्या अर्ध्या वाक्यात ते लोक उद्याचं आजच्यासारखंच बोलतात, म्हणाल्या. ‘विल’ एकदाच, पुढच्या अर्ध्यात.

“न आलेलं बाळ ‘येतं’ म्हणायचं?” इंदुताईंना हसू फुटलं. “धीटच म्हणायचे.”

“आपण त्यांच्याही पुढे. आपण ‘बाळ आलं तर’ म्हणतो. आलंसुद्धा.”

इंदुताईंनी ते वाक्य दहा वेळा घोकलं. प्रत्येक वेळी आवाज चढत गेला. बाळ पंधरा दिवसांवर आलं होतं. त्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

मग अक्कांनी सहज विचारलं, सून कशी आहे.

इंदुताईंचा आवाज उतरला. डॉक्टरांनी तिला उठायची बंदी केलीय. आई नाही बिचारीला. हृषी कामाला गेला की दिवसभर एकटी पडून असते. काल रडत होती म्हणे. हृषीला विचारत होती, तुझी आई माझ्याशी कधी बोलेल?

“मग तू काय निरोप दिलास?”

“म्हटलं, पंधरा दिवस कळ काढ.”

अक्कांनी वही मिटली.

उठल्या. दांडीपाशी गेल्या. जरीच्या काठाचं लाल फडकं एकच होतं. त्यांनी त्याची गाठ सोडली.

“अक्का, तो माझा आहे.”

“माहीत आहे.”

“अजून व्हायचंय सगळं. आधी बोलले तर नवस मोडेल. आणि बाळाला काही…”

पुढचा शब्द इंदुताईंनी ओठांतच अडवला.

अक्कांनी नारळ पायरीजवळच्या दगडावर आपटला. एका घावात दोन वाट्या. गाभाऱ्याकडे बघून त्या शेजारणीशी बोलावं तसं बोलल्या, “इंदूचा नारळ मी फोडलाय. काही म्हणायचं असेल तर मला म्हणा.”

आत समई शांत जळत होती…

वाटीत राहिलेलं पाणी त्यांनी इंदुताईंच्या ओंजळीत ओतलं.

“गोड आहे?”

“…आहे.”

“तिकडे किती वाजले?”

“सकाळचे अकरा.”

अक्कांनी वहीवरचा मोबाइल उचलून त्यांच्या हातात दिला.

‘ऑर्ला सूनबाई’ हा नंबर तीन वर्षं फोनमध्ये होता. त्यावर बोट कधी पडलं नव्हतं. आज पडलं. घंटा वाजू लागली आणि इंदुताईंची छाती तिच्याहून मोठ्यानं वाजू लागली.

“हॅलो?” थकलेला, बारीक आवाज.

घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे पळालं. व्हेनही नाही, विलही नाही.

“ऑर्ला… आई बोलतेय.”

पलीकडून एक हुंदका, मग हसू, मग भराभर इंग्रजी. इंदुताईंना त्यातलं निम्मंही कळेना. त्या आपल्या ‘येस, येस’ म्हणत होत्या. खा म्हणत होत्या, झोप म्हणत होत्या, मध्येच मराठीत ‘रडू नको गं बाई’ म्हणत स्वतःच रडत होत्या. फोन ठेवला तेव्हा पदर ओला होता, आणि चेहरा मंगळागौर जागवून आलेल्या नव्या नवरीसारखा फुललेला.

मग दांडीवरच्या मोकळ्या जागेकडे लक्ष गेलं, आणि त्या भानावर आल्या.

“अक्का, आता नवस उरलाच नाही. बाळासाठी देवाजवळ मागू कशाच्या जोरावर?”

अक्कांनी खोबऱ्याचा एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला. बाकीचं त्याच लाल फडक्यात बांधून इंदुताईंच्या हातात दिलं. फाटकातून एक बाई नवा नारळ छातीशी धरून आत येत होती. अक्कांनी मानेनं तिच्याकडे खूण केली.

“जा, तिला खोबरं दे. आणि म्हणावं, बाई, आधी फोड… मग माग.”