शेपटी गेलेलं पिल्लू

एक होता म्हातारा कॉम्प्युटर. त्याच्या पडद्यावर नमूने काढलं पिवळं पिल्लू. दोन डोळे, एक चोच, इवलीशी शेपटी.

नमूने 'सेव्ह' दाबलं. कॉम्प्युटर म्हणाला, "जागा नाही!" पिल्लू अर्धंच सेव्ह झालं. शेपटी गेली!

नमू रडत बाहेर पळाली. पिल्लूही रडलं, "चिंव चिंव! जागा मिळाली नाही, तर मी सगळंच पुसलं जाईन!"

पिल्लू निघालं टुणुक टुणुक. कॉम्प्युटरच्या पोटात डिस्कताई राहायची. सगळी चित्रं तीच सांभाळायची.

"डिस्कताई, डिस्कताई, मला जागा दे ना."

"कुठून देऊ रे बाळा? पुसलेल्या चित्रांचा हा ढीग! आवरायला घेते न घेते, तोच बटण मला बंद करतं. जा, बटणाला सांग."

टुणुक टुणुक. पिल्लाचे पंख फिके पडले.

"बटणदादा, बटणदादा, जरा थांब ना. डिस्क आवरेना, मला जागा मिळेना."

"मी कसला थांबतोय! आजोबा मला खट्कन दाबतात. जा, आजोबांना सांग."

टुणुक टुणुक. चोच फिकी पडली. नमूचे गोपूआजोबा बोट पुढे करून उभेच होते!

"आजोबा, आजोबा, जरा थांबा ना. बटण थांबेना, डिस्क आवरेना, मला जागा मिळेना."

"छे छे! काम संपलं की लगेच बंद. विजेचं मीटर बघ कसं पळतंय! जा, मीटरला सांग."

टुणुक... टुणुक. मीटर पळतंय भर्र भर्र.

"मीटरमामा, मीटरमामा, जरा थांबा ना. आजोबा थांबेनात, बटण थांबेना, डिस्क आवरेना, मला जागा मिळेना."

"कसा थांबू? पलीकडच्या रिकाम्या खोलीत पंखा फिरतोय. जा, पंख्याला सांग."

टुणुक... टुणुक... पाय दिसेनासे झाले.

"पंखादादा, पंखादादा, जरा थांब ना. मीटर थांबेना, आजोबा थांबेनात, बटण थांबेना, डिस्क आवरेना, मला जागा मिळेना."

"मी आपला आपण थांबतो होय? नमू मला चालू ठेवून गेली. जा, नमूला सांग."

नमू पायरीवर मुसमुसत होती. पिल्लाचे आता दोन डोळेच उरले होते.

"नमू, नमू, ऊठ ना. पंखा थांबेना, मीटर थांबेना, आजोबा थांबेनात, बटण थांबेना, डिस्क आवरेना, मला जागा मिळेना."

"नाही उठत जा! माझं पिल्लू हरवलंय."

"अगं, मीच तुझं पिल्लू!"

नमूने डोळे पुसले. "अगं बाई! एवढंसंच उरलंस?" नमू धावली. धाड धाड धाड!

नमूने पंखा बंद केला. पंखा थांबला. मीटर पळायचं थांबलं, सावकाश चालायला लागलं. आजोबांनी बोट मागे घेतलं. बटण थांबलं. "आवर गं बाई निवांत," आजोबा डिस्कताईला म्हणाले.

डिस्कताईने आवरलं. सर्र सर्र सर्र. एक कोपरा रिकामा झाला. पिल्लू त्यात बसलं. पाय आले, चोच आली, पंख आले.

शेपटी काही आली नाही. नमूने नवी काढली, जराशी वाकडी. 'सेव्ह' दाबलं.

कॉम्प्युटर म्हणाला, "बस बाळा. ही जागा तुझीच."