टायरवरची लव

कोल्हापुरात शिरोली नाक्याच्या अलीकडे गाड्या दुरुस्त करणारे एक दस्तगीर मिस्त्री राहत होते, आणि राजारामपुरीत एक रणधीर शिंत्रे. मिस्त्रींनी लहानपणी पाटी धरली असेल-नसेल. रणधीर मात्र मोठा इंजिनीअर, कारखान्यात त्याच्या हाताखाली चाळीस माणसं. घरात त्याची आई, इंदूआक्का. आणि दारात वडिलांच्या मागे राहिलेली जुनी हिरवी गाडी, जी चालत नव्हती.

ती गाडी नवी आली तेव्हा आक्कांची धाकटी बहीण तारा हसून म्हणाली होती, "माझ्या दारात येईल तेव्हा खरी."

साधी थट्टा. पण आक्कांनी ती मनात धरली ती धरलीच. नवरा आज नेतो, उद्या नेतो म्हणता म्हणता गेला. लग्नाकार्यात बहिणी भेटायच्या, पण आजऱ्यापलीकडच्या त्या डोंगरात, ताराच्या दारात, आक्का कधी उतरल्या नाहीत. उतरेन तर ह्याच गाडीतून.

आणि आता तारामावशीच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. दर महिन्याला नजर थोडी थोडी कमी.

रणधीर तीन वर्षं गाडीमागे होता. दर रविवारी आक्का विचारायच्या, "झाली का रे?" तो म्हणायचा, "पुढच्या रविवारी."

शेवटी एका सकाळी त्यानं गाडी टेम्पोला दोरीनं बांधली आणि ओढत मिस्त्रींच्या शेडपुढे आणली. मागच्या सीटवर आक्का बसलेल्या, मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा.

"आक्का, तुम्ही कशाला आलासा?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोरीनं का होईना, चालतीय तर," आक्का म्हणाल्या. "तेवढंच बसून घेते."

रणधीरला ते लागलं. त्यानं टेम्पोतून दोन खोकी उतरवली, बाकड्यावर शेजारी शेजारी मांडली आणि वर एक जाडजूड फाईल ठेवली.

"चाचा, एकच प्रश्न आहे. ह्या खोक्यात नवा कार्ब्युरेटर. ह्यात फ्युएल इंजेक्शनचा सगळा संच. कोणतं बसवू?"

कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल कालवून इंजिनला पाजणारं जुनं भांडं. इंजेक्शन तेच काम सुईनं टोचल्यासारखं करतं, थेंब थेंब मोजून, आणि मोजायला त्याच्याजवळ विजेचा मेंदू असतो.

मिस्त्रींनी फाईलकडे बघितलं. "पानं किती?"

"एकशे दहा. दोन्हींची सगळी तुलना आहे. थंडीत काय, चढाला काय, पेट्रोल किती खातं..."

"आत्ता आत कुठलं हाय?"

"जुना कार्ब्युरेटर. सातदा खोललाय मी. धुतलाय, पुसलाय, मोजलाय. स्क्रू न् स्क्रू पाठ आहे मला. लावला की चार दिवस चालते, गल्लीच्या टोकापर्यंत जाते, आणि परत धापा टाकते."

"हं..."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. ते गाडीभोवती हळूहळू फिरले, बाजारात विकत घ्यायच्या बैलाभोवती फिरावं तसे. मागच्या चाकाशी उकिडवे बसले. टायरवरून अंगठा फिरवला. मग परत फिरवला.

रणधीर घड्याळ बघत होता. "चाचा, इंजिन पुढं आहे."

"ठावं हाय." अंगठा टायरवरच होता. "हे कवा घातलं?"

"तीन वर्षांपूर्वी. चारही नवे कोरे."

"हितं हात लाव."

रणधीर वाकला. नव्या टायरवर रबराची बारीक लव असते, वासराच्या कानावर असावी तशी. रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यावर ती अजून जागच्या जागी उभी होती. बोटाला गुदगुल्या झाल्या.

"मग?" तो म्हणाला.

मिस्त्री उठले. त्यांनी टाकीचं झाकण काढलं, नाक जवळ नेलं आणि तोंड फिरवलं. मग एक रिकामी काचेची बाटली घेऊन गाडीखाली सरकले, टाकीच्या बुडाचा नट सैल केला, आणि बाहेर आले ते बाटली भरूनच.

आतलं पेट्रोल काताच्या पाण्यासारखं तांबडं होतं. खाली गंजाचा गाळ बसत होता.

त्यांनी ती बाटली बाकड्यावर ठेवली, दोन खोक्यांच्या बरोबर मधोमध.

"ह्यातल्या कुणाला पाजू?"

...

रणधीर बाटलीकडे बघत राहिला. सातदा त्यानं भांडं धुतलं होतं. भांड्यात कुठून काय येतं, हे एकदाही बघितलं नव्हतं. अर्धी रिकामी टाकी तीन पावसाळे दारात उभी, आतून घाम येऊन गंजत होती.

"कारखान्यात चाळीस माणसं हायती न्हवं ह्याच्या हाताखाली?" आक्का गाडीतूनच म्हणाल्या.

मिस्त्री हसले नाहीत. रणधीरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"टाकी साफ करतो," तो म्हणाला. "पण चाचा, साफ झाल्यावर... कोणतं बसवू?"

"मागनं इचार."

"म्हणजे कधी?"

मिस्त्री दुसऱ्या गाडीकडे वळले होते.

रणधीरनं रजा टाकली. टाकी उतरवली, आत मूठ मूठ बारीक खडी आणि डिझेल घातलं, आणि अंगणात बसून ती दोन्ही हातांनी घुसळू लागला. खडीनं आतला गंज खरवडून निघतो, हे मिस्त्रींच्या शेडमध्ये कुणीही सांगितलं असतं. फाईलमध्ये ते नव्हतं. शेजारच्या सुमनवहिनी फाटकातून म्हणाल्या, "भावजी, लोणी आलं की वाटीभर द्या." तो घुसळतच राहिला. तिसऱ्या दिवशी डिझेल स्वच्छ बाहेर आलं.

दोन्ही खोकी माळ्यावर गेली. जुना कार्ब्युरेटर आठव्यांदा धुऊन जागेवर बसला.

रविवारी आक्कांनी काही विचारलं नाही. नवा डबा घेऊन नुसत्या मागं जाऊन बसल्या.

गाडी गल्लीच्या टोकाला पोचली. टोक ओलांडलं. कागल गेलं, निपाणी गेलं, आजरा मागं पडला. मग डोंगराच्या चढाला, भर उन्हात, ती दोनदा खोकली आणि उभी राहिली.

रणधीरनं बॉनेट उघडलं. एकशे दहा पानं त्याच्या डोळ्यांपुढून गेली आणि त्यातलं एकही थांबलं नाही.

"पेट्रोल ओढणारा पंप तापलाय," आक्का मागून म्हणाल्या. "पन्हाळ्याच्या चढाला हे त्याच्यावर ओलं फडकं ठेवायचे. मीच भिजवून द्यायची."

त्यांनी डब्याभोवतीचं फडकं सोडलं, तांब्यातलं पाणी ओतलं आणि खिडकीतून पुढं केलं. त्यानं ते पंपावर घातलं. दोघं करवंदीच्या जाळीच्या सावलीत बसली. एक एक लाडू खाऊन झाला. मग त्यानं चावी फिरवली आणि गाडी चालू झाली.

तारामावशी दारातच होत्या. त्या चाचपडत पुढं आल्या, बॉनेटवर तळहात टेकला, मग तोंड अगदी पत्र्याजवळ नेलं, बोटभर अंतर राहीपर्यंत.

"हिरवी हाय की गं, आक्का."

"मग? सांगितलं होतं न्हवं तुला."

"आली म्हणायची."

"आली."

येताना मागच्या सीटवर दोघी होत्या. तारामावशी चार दिवसांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या. त्यानंतर आक्कांच्या घरी दुपारचं जेवण दोघींचं एका ताटात होऊ लागलं, आणि रविवारी गाडी कधी जोतिबाला, कधी नरसोबाच्या वाडीला जाऊ लागली. मावशी बाहेर काय दिसतं ते विचारायच्या. आक्का सांगायच्या, नसलेलं पण सांगायच्या.

दिवाळीच्या तोंडावर रणधीर मिस्त्रींच्या शेडपुढे थांबला. ह्या वेळी दोरी नव्हती. मागं दोघी बहिणी कशावरून तरी भांडत होत्या. त्यानं मिस्त्रींच्या हातात लाडवांचा डबा दिला.

"चाचा, तो माझा प्रश्न..."

मिस्त्रींनी हात वर केला. डबा बाकड्यावर ठेवला, मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि टायरवरून अंगठा फिरवला. एकदाच. लव झिजून गेली होती. अंगठ्याला लागलेली रस्त्याची धूळ त्यांनी चड्डीला पुसली आणि उठले.

"हं... आता इचार."