मावशीचे हात

डोंगरापलीकडे तळ्याकाठी एक लहानसं गाव होतं. त्या गावात सगुणामावशी नावाची एक बाई राहायची. बाळ जन्मलं की त्याला न्हाऊ घालायला गाव तिलाच बोलवायचं. पाटावर बसून ती पाय लांब करायची, बाळाला पायांवर पालथं घ्यायची आणि तांब्यातांब्यानं पाणी घालायची. गावातले मिशीवाले बाप्येसुद्धा कधीकाळी तिच्या पायांवर रडलेले होते.

एकदा विणकराच्या घरी मुलगी झाली. विणकराची सून चिमा पहिलटकरीण होती. नाळ गळून पडली, तशी सासूनं मावशीला बोलावणं धाडलं.

मावशी आली. तिनं घंगाळात हात घालून पाणी पाहिलं, बाळाला तेल चोळलं, डाळीचं पीठ लावलं आणि न्हाऊ घातलं. पोर किंचाळून किंचाळून रडली.

"रडू दे," मावशी हसून म्हणाली. "रडलं की बाळ धट्टंकट्टं होतं."

दुसऱ्या दिवशी पोरीच्या पाठीवर लाल चट्टे दिसले. मानेच्या वळीत तर कातडी सोलवटली होती. मावशी म्हणाली, "अंगात उष्णता आहे. जाईल."

तिसऱ्या दिवशी चिमानं धीर केला. खालच्या मानेनं ती म्हणाली, "मावशी, पाणी जरा कढत होतंय का हो?"

सासू तिच्यावर खेकसली. "तुझ्या नवऱ्याला मावशीनंच न्हाऊ घातलंय! तू कालची पोर, तिला शिकवतेस?"

चिमानं पोरीला उचलून आत नेलं. घरी जाताना मावशीचं तोंड फुगलेलंच होतं. चाळीस वर्षांत कुणी तिला असं विचारलं नव्हतं.

घरी येऊन तिनं चुलीवर आमटी ठेवली. तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आली. मावशीनं उकळतं पातेलं उचलून खाली ठेवलं आणि विरजण काढायला वळली. शेजारीण ओरडलीच, "अगं मावशी, हात!"

"काय झालं हाताला?"

"फडक्याशिवाय धरलंस की पातेलं!" शेजारणीनं नुसतं बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

मावशीनं आपले तळवे पाहिले. लाल झाले होते, पण तिला काहीच कळलं नव्हतं. जन्मभर कढत पाण्यात राहून तळवे आणि नडग्या निबर झाल्या होत्या. विरजणाची वाटी शेजारणीच्या हातात देऊन ती तशीच चुलीपाशी बसून राहिली. पोरीची पाठ तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

सकाळी ती विणकराच्या घरी निघाली, तेव्हा वाटेत तिच्या मनात आलं, 'आज दोन तांबे गार पाणी जास्त घालावं. कुणाला कळणार आहे?' पण किती गार घालायचं? जास्त झालं तर पोर गारठेल, कमी पडलं तर पुन्हा भाजेल. अंदाजानं घालायला ती काही आमटी नव्हती.

न्हाणीत घंगाळ भरून तयार होतं. बाळाला पाहायला शेजारच्या चार बायकाही जमल्या होत्या. मावशी पाटावर बसली. सासूनं पोर पुढे केली, पण मावशीनं हात पुढे केलेच नाहीत.

"चिमा, तू ये," ती म्हणाली. "तुझं कोपर या पाण्यात घाल."

चिमानं कोपर बुडवलं आणि झटकन बाहेर काढलं. "आई गं!"

मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरीला उष्णता नव्हती. मीच तिला भाजत होते. माझ्या हातांना आता ऊन-गार कळत नाही. काल तू खरं बोललीस आणि मी रागावले. मला माफ कर, बाई."

चिमाचे डोळे भरून आले. तिनं पोरीला छातीशी घेतलं आणि विचारलं, "मग आता हिला न्हाऊ कोण घालणार, मावशी?"

"तू. मी शेजारी बसून सांगते."

चट्टे बरे होईपर्यंत मावशीनं न्हाणं बंदच ठेवलं. कोमट पाण्यात मऊ जुनेर भिजवून चिमा पोरीचं अंग हलक्या हातानं टिपायची. पीठ नाही, चोळणं नाही. मानेच्या, काखेच्या वळ्या तेवढ्या नीट कोरड्या करायच्या. आठवड्याभरात पोरीची कातडी पुन्हा लोण्यासारखी मऊ झाली.

मग चिमानं तिला पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर घेतलं. "डोकं तळहातावर धर. पाणी आधी कोपरानं बघ. नाकातोंडावर येऊ देऊ नकोस," मावशी सांगत होती. कोमट पाणी पाठीवर पडलं आणि पोर रडलीच नाही. मुठी उघडून ती मजेत पाय हलवू लागली. सासू पदर तोंडाला लावून हसली.

मावशीला वाटलं होतं, आता आपल्याला कुणी बोलावणार नाही. पण त्याच महिन्यात कुंभाराच्या घरून निरोप आला, "मावशी, या. न्हाऊ आम्ही घालू, तुम्ही फक्त जवळ बसा."

निघण्याआधी ती चिमाकडे डोकावली. नुकतंच न्हाऊन झालेलं, मऊ दुपट्यात गुंडाळलेलं बाळ चिमानं तिच्या मांडीवर ठेवलं. मावशीनं दुपटं बाजूला सारून त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण तळव्याला काही कळेना. मग तिनं वाकून आपला सुरकुतलेला गाल त्या पाठीला लावला आणि कितीतरी वेळ तशीच राहिली.

"किती मऊ असतं गं बाळ," ती म्हणाली. "विसरलेच होते मी."

तात्पर्य काय, तर आपल्या नावलौकिकापेक्षा बाळाची कातडी नाजूक असते. दोन्हींपैकी एकच जपता येत असेल, तर बाळाला जपावं.