आत ये गो, जोमीबाय

फार वर्षं झाली त्याला. तेव्हा आमच्या मोरखारच्या बांधाला दगड लागला नव्हता, सगळा बांध चिखलाचा होता. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि मध्ये माणसाच्या छातीएवढा चिखल. तेवढ्यावर गाव जगत होतं. बसा नीट, सांगतो.

त्या काळी आमच्याकडे लग्न लावायला भटजी येत नसे. लग्न लावायची ती धवलारीण. ती मांडवात बसून धवले गायची, म्हणजे लग्नाची गाणी. हळदीचं गाणं वेगळं, तेलाचं वेगळं, नवरीला पाटावर बसवायचं वेगळं. तिनं गाणं म्हटलं की ते काम झालं. तिनं म्हटलं नाही, तर नवरा-नवरीनं एकमेकांना शंभर माळा घातल्या तरी लग्न लागलं असं कोणी मानत नसे.

अशी एक धवलारीण होती, जोमीबाय. ती गायला लागली की खाडीवरचे बगळे येऊन मांडवाच्या कुडावर ओळीनं बसत आणि गाणं संपेपर्यंत पाय बदलत नसत, असं म्हणतात. तिला किती गाणी येत होती हे कोणी मोजलं नाही. एकाच घरात चार बहिणींची लग्नं तिनं लावली, तरी एक गाणं दुसऱ्यांदा आलं नाही, असं म्हणतात.

एका वर्षी मोठं उधाण आलं आणि बांधाला खांड पडली. खारं पाणी शेतात शिरायला लागलं. जोमीबायचा नवरा पोशा त्या खांडीत उभा राहिला. पाणी अंगावर घेत तो चिखलाचे गोळे लावत राहिला. खांड भरली, पण वरचा बांध त्याच्यावर आला. गाव वाचलं, पोशा त्याच चिखलात गेला. आजही तो तिथंच आहे.

आणि ज्या गावाचं भात त्यानं वाचवलं, त्याच गावानं सांगितलं की आता जोमीचा आवाज मांडवात नको. विधवेच्या गाण्यानं नवरीचं कुंकू खोटं होतं. कोणी रागानं बोललं नाही. वाटेत काटा आहे, जपून जा, असं सांगावं तसं सांगितलं. त्या दिवसापासून गावात लग्न असलं की जोमीबाय मांडवाच्या मागे पेंढ्याच्या उडवीला टेकून बसायची, आणि आतली बाई गाताना एखादी ओळ विसरली की बाहेर हिचे ओठ हलायचे.

पोशा जायच्या आधी जोमीबायनं लावलेलं शेवटचं लग्न चांगुणेचं. चांगुणा लांबच्या गावची, लग्न होऊन जोमीबायच्या शेजारच्या घरात आली. दर वर्षी पावसाच्या आधी सगळं गाव बांधाला चिखल लावायचं. बाया रांगेनं उभ्या राहायच्या आणि चिखलाचा गोळा या हातातून त्या हातात द्यायच्या. चांगुणेची जागा जोमीबायच्या पुढे. जोमीबाय गोळा द्यायची आणि हळूच एक ओळ म्हणायची. गोळा पुढे जायचा, ओळ चांगुणेपाशी राहायची. अशी सात वर्षं गेली. सात वर्षांत बांध एक हात वाढला आणि चांगुणा धवलारीण झाली.

आमच्यात धवलारीण आधी देवांना बोलावते. सूर्याला, धरतीला, खाडीला, गावदेवीला. चांगुणा त्यांच्यापाठोपाठ आणखी एक नाव घ्यायची. ती म्हणायची, "गाणी माझी नाय, जोमीबायची हायेत. तिनं दिली, मी आणली." तेवढं म्हणायची आणि मग हळदीला हात लावायची. गरिबाघरच्या लग्नात लोक चुळबुळायचे, पण धवलारणीशी कोण भांडणार? म्हणून चालून गेलं.

मग हाशा पाटलाच्या मुलीचं लग्न निघालं. मुलीचं नाव बनी. वऱ्हाड पलीकडच्या तीरावरून सहा होड्यांतून आलं. दिवस पौर्णिमेचा, खाडीला उधाण, आणि सूर्य बुडायच्या आत हळदीचं गाणं सुरू व्हायला हवं होतं. चांगुणा मांडवात चटईवर येऊन बसली. पाटील तिच्यापाशी वाकला.

"चांगुणे, देवांची नावं घे, माझ्या सात पिढ्यांची घे. पण पांढऱ्या कपाळाचं नाव माझ्या पोरीच्या हळदीत नको."

चांगुणा म्हणाली, "पाटील, तुमचं शेत कुणी वाचवलं?"

"पोशानं. नाय कोण म्हणतंय? दरसाल बांधावर त्याला नारळ देतो आम्ही."

"नवऱ्याला नारळ, आणि बायकोचं नाव पण नको? गाणी तर तिची हायेत."

"गाणं ते गाणं. त्याला काय मालक असतो?"

"मग तुम्हीच म्हणा की," चांगुणा म्हणाली आणि हात जोडून गप्प बसली.

वऱ्हाडाबरोबर पलीकडची धवलारीण आली होती, मथीबाय. गोल अंगाची, हसऱ्या तोंडाची. पाटलानं तिला पुढे बसवलं. तिनं तोंडातला तंबाखू थुंकला, पदर खोचला, सूर्याला बोलावलं, धरतीला बोलावलं. हळदीच्या गाण्याला तोंड उघडलं आणि थांबली.

"का गो चांगुणे, तुझं पन हळदीचं गाणं हेच का, सोन्याच्या वाटीचं?"

"तेच."

"मना माझ्या मावशीनं दिलं. मावशीला मोरखारच्या कुणा जोमीनं." मथीबायनं पाटलाकडे पाहिलं. "पाटील, ती जोमी कोण ते मना आजवर म्हाईत नव्हतं, म्हणून तशीच गायले. आता म्हाईत झालं. आता नाव टाकून गायले, तर ती चोरी नाय का?"

मांडवात हशा पिकला. पाटलानं मिठागराकडे होडी पाठवली आणि तिथल्या धवलारणीला आणलं. ती धर्मीबाय, काडीसारखी बाई, बोलायची कमी. तिनं दोघींकडे पाहिलं, काय झालं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाटील, पान द्या. मी पन हितंच बसते." आणि चटईवर तिसरी होऊन बसली.

नवऱ्याचा मामा ओरडला, "तीन तीन धवलारणी, नि गाणं एक नाय! आम्ही काय उपाशी जायचं का होड्यांतनं?"

तेवढ्यात बांधावरचे गडी धावत आले. भरतीचं पाणी बांधाच्या काठाला लागलं होतं. आता ते उतरायला हवं होतं, पण उतरत नव्हतं. वरही चढेना, खालीही जाईना. भरल्या पणतीत तेल थरथरावं तसं सगळं पाणी बांधाच्या ओठावर उभं होतं, असं म्हणतात. आणि सूर्य खाडीच्या टोकाला टेकून तिथंच राहिला, असं म्हणतात. कुडावर बगळे येऊन बसले होते. गाणं नव्हतं, तरी बसले होते.

लोक घाबरले. कोणी म्हणालं चांगुणेला वाळीत टाका. कोणी म्हणालं तिला धरून बोलायला लावा. चांगुणेचा दीर म्हणाला, "वहिनी, आज नाय गायलीस तर उद्यापासून गावच्या विहिरीवर तुझा घडा नाय." ती म्हणाली, "मग खाडीचं पिईन."

तेव्हा मांडवाच्या मागून जोमीबाय उठली. म्हातारी झाली होती, कमरेत वाकली होती. कुडाला धरून ती बाहेरूनच बोलली.

"चांगे, सोड गो. माझं नाव काय भात हाय, शिजवून वाढायला? पोरीचं लगीन हाय. म्हण गाणं."

चांगुणेच्या डोळ्यांत तेव्हा पहिल्यांदा पाणी आलं, असं म्हणतात. पण आवाज हलला नाही.

"तू गप बस जोमे. सात वर्षं तू देत होतीस, मी घेत होते. आज एकदा मी देते. तू घे."

आणि मग कोणी कधी पाहिलं नव्हतं ते झालं. बनी नवरी पाटावरून उठली. हाताला हळद लागायची होती, ते कोरे हात तिनं बापापुढे धरले. "बाबा, गाणाऱ्या बाईचं नाव टाकून लागलेलं लगीन माझं नाय. मी अशीच राहीन."

"अगो, लोक काय म्हणतील?"

"लोक हितंच बसलेत," मथीबाय म्हणाली. "विचारा की."

पाटलानं लोकांकडे पाहिलं. बाया सगळ्या मांडवाच्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. एकही त्याच्याकडे बघत नव्हती. त्यानं बांधाकडे पाहिलं. पाणी तसंच उभं. त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून काखेत धरलं आणि हळूच म्हणाला, "बोलवा तिला."

"मी नाय," चांगुणा म्हणाली. "बाहेर तुम्ही बसवलंय. तुम्हीच बोलवा."

पाटील दारात गेला. सगळं गाव, सगळं वऱ्हाड बघत होतं. तो म्हणाला, "आत ये गो, जोमीबाय."

जोमीबाय लगेच आली नाही. तिला चालायला वेळ लागत होता. उडवीपासून कुडाला वळसा घालून ती दारात आली, तोवर सगळे थांबले. तिनं चटईवर चौथी जागा घेतली. चांगुणेनं देवांना बोलावलं, मग जोमीबायचं नाव घेतलं, आणि चौघींनी मिळून हळदीचं गाणं उचललं. जोमीबायचा आवाज फाटला होता, पण ओळ कुठं चुकली नाही. पहिल्या ओळीला सूर्य खाली गेला. दुसऱ्या ओळीला पाणी फिरलं. ओहोटी इतक्या वेगानं गेली की खाडीत मासे उघडे पडले आणि वऱ्हाडाच्या होड्या चिखलात बसल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत वऱ्हाड मोरखारलाच जेवलं, असं म्हणतात.

पाणी खरंच थांबलं होतं का, ते मला ठाऊक नाही. मी तेव्हा नव्हतो. पाटलानं दारात जाऊन हाक मारली, एवढं मात्र तिन्ही गावांत एकसारखं सांगतात.

पुढे जोमीबाय गेली, कालांतरानं चांगुणाही गेली. चांगुणेनं मरताना सांगून ठेवलं होतं की माझं नाव घ्याल, तर तिच्या मागं घ्या, पुढं नको. तसंच घेतात.

आता बांध दगडी झाला. लग्नं आता हॉलमध्ये होतात, भटजी येतो, मोठे स्पीकर लागतात. पण मोरखारच्या मुलीचं लग्न असलं की हळदीच्या आधी स्पीकर बंद होतो. चटईवर एक जागा मोकळी ठेवतात, तिथं बांधाखालच्या चिखलाचा एक गोळा मांडतात. गाणारी बाई, तिला एकच गाणं येत का असेना, आधी आपण ते कुणाकडून घेतलं ते सांगते. तिच्या आधीची, तिच्या आधीची, करत करत जोमीबायपर्यंत येते. शाळेतल्या मुलीही हे शिकल्या आहेत. आमच्या आळीची सुगंधा नाटकं लिहिते, आणि वहीच्या पहिल्या पानावर नाटकाचं नाव नसतं, जिच्या-जिच्याकडून काही घेतलं त्या बायकांची नावं असतात. सगळ्यात वर तिची आई, जिला सही येत नाही.

आणि जोमीबायला हाक मारतो तो नवरीचा बाप. बाईनं मारायची नाही, बापानंच दारात जाऊन मारायची. मग सगळे थांबतात, एक वाकलेली म्हातारी उडवीपासून दारापर्यंत चालत येईल तितका वेळ.

मागच्या वैशाखात हॉलचा मॅनेजर घाईला आला होता. पुढचं लग्न खोळंबलंय म्हणाला, कोणाची वाट बघताय, सुरू करा. नवरीचा बाप दारातच उभा होता. त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"म्हातारी हाय ती," तो म्हणाला. "चालत येतेय."