चौदा ओली लाळेरी

फार वर्षांपूर्वी एका नगरीत राजवाड्याचे कपडे धुणारी एक परटीण होती. बोलायला फटकळ, पण कामात मोठी जाणती. राजा पंगतीत किती जेवला, हे ती नुसत्या उपरण्यावरून सांगायची.

राजपुत्र सहा महिन्यांचा झाला आणि वाड्याला घोर लागला. पोर दिवसभर किरकिर करी, दूध तोंडात घेऊन लगेच सोडी. हनुवटी आणि गाल लालबुंद झाले होते. राजवैद्यांनी तपासलं, तर ताप नव्हता, पोटही बरं होतं. दासींनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, तरी रडं थांबेना. मग राणीचा संशय दाईवर गेला. "हीच चिमटे काढत असणार. त्याशिवाय गाल असे लाल होतात?" दुसऱ्या दिवशी दाईला नगरीबाहेर घालवायचं ठरलं. खरं तर दाई त्या पोराला जिवापाड जपत होती. पण राणीपुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती.

हे ठरलं त्याच दिवशी परटीण धुणं न्यायला आली. पाहते तर दुपट्यांपेक्षा लाळेरीच जास्त. एक-दोन नाही, चांगली चौदा, आणि सगळी गळ्यापाशी चिंब. तिनं स्वतः चार पोरं वाढवली होती, तिला काय ते उमगलं. बोचकं तिथंच टाकून ती तडक राणीच्या महालात गेली.

"बाईसाहेब, दाईचा दोष नाही. बाळाला दात येताहेत. लाळेनं कातडी लाल झालीय."

"आम्हाला तर लाळ कधी दिसली नाही," राणी म्हणाली.

दिसणार कशी? पाळण्याच्या दोन्ही बाजूंना दासी रुमाल घेऊन उभ्या, लाळ ओठावर आली की लगेच टिपत, लाळेरं ओलं झालं की लगेच बदलत. राजपुत्रानं मूठ चोखणं शोभत नाही, म्हणून हातांत जरीचे मोजे. बिचाऱ्यानं सांगायचं तरी कसं?

"चुकलीस तर दाईबरोबर तूही जाशील," राणीनं बजावलं.

परटिणीचं घर याच धुण्यावर चालत होतं. पण कोपऱ्यात दाई पदरानं डोळे पुसत होती. तिच्याकडे पाहून परटीण म्हणाली, "कबूल. आधी ते मोजे काढा."

मोजे निघाले आणि बाळानं अख्खी मूठ तोंडात कोंबली. परटिणीनं हात स्वच्छ धुतले, हिरडीवरून बोट फिरवलं. खाली समोरच सूज होती आणि तिच्यात कणीएवढं टोक लागत होतं. तिनं हलक्या बोटानं हिरडी चोळली. मग धुतलेलं फडकं माठातल्या गार पाण्यात भिजवलं, पिळलं आणि त्याची घडी बाळाच्या तोंडाशी धरली. बाळ ती मनसोक्त चघळू लागलं. रडं थांबलं.

"मलाही दाखव," राणी म्हणाली. तिनं हात धुऊन बोट पुढे केलं, तर बाळानं हिरडीनंच करकचून चावा घेतला. राणी कळवळली आणि मग हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती उठून दाईपाशी गेली.

"मी तुझ्यावर नाही तो आळ घेतला. जाऊ नकोस. त्याला तू हवी आहेस."

पहिला दात वर आला त्या दिवशी राजानं नगारे वाजवले, गावजेवण घातलं. पंगतीत दाई आणि परटीण शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि त्यांची पानं राणी स्वतः वाढत होती.

तात्पर्य एवढंच: ज्याला बोलता येत नाही, तो रडला तर दोष कुणाचा हे शोधत बसू नये, आधी त्याला कुठं दुखतंय ते पाहावं.