गूळपाण्याचा हंडा

बसा. पैसे काढायला आलात ना? मग आधी हा गूळ तोंडात टाका, वर घोटभर पाणी प्या. घाई करून उपयोग नाही, इथे कलेक्टर आला तरी गूळपाणी घेतल्याशिवाय त्याच्या हातात पैसे पडायचे नाहीत. पिंपळोलीच्या या बचत बँकेत भरणा करायला येणाऱ्याला कोणी विचारत नाही, काढायला येणाऱ्याला मात्र पाहुण्यासारखं बसवतात. तो कोपऱ्यातला तांब्याचा हंडा त्यासाठीच आहे. पोचे आलेत त्याला, पण गाव बदलू देत नाही.

हंडा सगुणाबाईंचा, असं सांगतात. सगुणाबाई म्हणजे त्रिंबकराव तांबटांची बायको. गावात वीज यायच्याही आधी त्रिंबकरावांनी ही बँक काढली, ती तांबट आळीतल्या आपल्याच घराच्या ओसरीवर. पण नुसत्या पुरुषांच्या पैशावर ती चालली नसती. आळीतल्या बायकांनी तांदळाच्या डब्यांत दडवलेला पैसा सगुणाबाईंनी घरोघर फिरून बाहेर काढायला लावला. बुडाला तर माझ्या दारात या, असं त्यांनी एकेकीला सांगितलं होतं म्हणे.

पहिल्याच वर्षी खंडेनवमी आली. त्या दिवशी तांबट आपली हातोडी आणि ऐरण धुऊनपुसून पुजतो, कामाला लावत नाही. त्रिंबकराव हाडाचे तांबट. त्यांच्या मनात आलं, बँकेचं हत्यार कोणतं? तर तिजोरी. मग तिलाही एक दिवस विसावा नको का? त्यांनी आतली रोकड जिल्ह्याच्या मोठ्या बँकेत ठेवायला पाठवली, तिजोरी लख्ख पुसली, दार सताड उघडं ठेवून वर झेंडूची माळ घातली. एवढा सगळा सोपस्कार केला आणि गावाला सांगायचं तेवढं राहून गेलं.

फुलं द्यायला आलेल्या भिकू गुरवाला ती रिकामी तिजोरी दिसली. बिचाऱ्याने फक्त बायकोला सांगितलं, तेही कुणाला बोलू नकोस म्हणून. मग काय राहतंय! दसऱ्याच्या संध्याकाळी लोक एकमेकांच्या हातात आपट्याची पानं देत होते आणि कानात बँक बुडाल्याचं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच ओसरीसमोर ही गर्दी. कारकून रोकड आणायला पहाटेच्या एस.टी.ने गेलेला, तो दुपारशिवाय परतणार नव्हता. त्रिंबकरावांनी पूजेचं सांगून पाहिलं, पण ऐकतो कोण? गर्दीत सगळ्यांत पुढे होत्या अनसूयाबाई, सगुणाबाईंच्या जिवाभावाच्या शेजारीण. लेकीच्या लग्नाचा पैसा होता त्यांचा. त्या सगुणाबाईंकडे मान वर करून बघतही नव्हत्या, आणि हेच सगुणाबाईंना फार लागलं. शिवाय आतली गोष्ट त्यांना ठाऊक होती. दिवाळीच्या मालासाठी कारागिरांना पत्रा घ्यायला कर्ज दिलेलं होतं. रोकड आली तरी सगळ्यांना एकदम पुरणार नव्हती.

त्रिंबकरावांचा धीर सुटला. ते दार लावायला निघाले, तसा सगुणाबाईंनी त्यांचा हात धरला.

"दार लावलंत तर बँक आत्ताच बुडाली. उघडं राहू द्या."

त्यांनी स्वयंपाकघरातून हंडा ओढत आणला, गुळाची ढेप फोडली आणि हात जोडून उभ्या राहिल्या. पैसे तुमचेच आहेत, म्हणाल्या, मागाल त्याला मिळतील. पण उन्हातून माझ्या दारात आलात, गूळपाणी घेतल्याशिवाय कुणी काही मागायचं नाही. आता आमच्याकडे गूळपाणी नाकारणं म्हणजे उघड वैर घेणं. सारे मुकाट्याने बसले. घरात मांडणीभर पेले, पण बाई हुशार, बाहेर काढला एकच. एकाने प्यायचा, विसळायचा, मग दुसऱ्याला द्यायचा. त्यात बाई प्रत्येकाला घरचं विचारायच्या, म्हशीचं, सुनेचं, सासऱ्याच्या दम्याचं. रागाने आलेला माणूस सासऱ्याच्या दम्याबद्दल रागाने किती वेळ बोलणार?

त्या दिवशी हंड्यातलं पाणी सरलंच नाही, असं जुनी माणसं सांगतात. देवीची कृपा म्हणतात. खरं सांगू? आळीतल्या दोन सुना मागच्या दाराने आडाचं पाणी आणून ओतत होत्या. कृपा म्हणायची तर त्यांची म्हणा.

ऊन कलायला लागलं आणि पाराजवळ एस.टी.चा भोंगा वाजला. कारकून ट्रंक घेऊन आला. पहिला नंबर अनसूयाबाईंचा. त्यांनी आपला सगळा पैसा घेतला, पदरात बांधला आणि पायरी उतरल्या. सगुणाबाईंना वाटलं, झालं. आता एकामागून एक सगळे असेच उतरणार.

अनसूयाबाई अंगणात थबकल्या. पदराची गाठ चाचपली. मग मागे वळल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच सगुणाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं.

"नेऊन ठेवू कुठे गं? तांदळाचा डबा तर तूच मोडीत काढायला लावलास."

आणि गाठ सोडून पैसे परत कारकुनापुढे ठेवले. आधी एक जण हसला, मग सगळी ओसरी हसली. पैसे मिळतात, हे डोळ्यांनी दिसलं होतं, मग उरलेल्यांनी मागायचं कशाला? हळूहळू माणसं उठली आणि घरी गेली. सगुणाबाई तिथेच मटकन बसल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. अनसूयाबाईंनी तोच पेला भरून त्यांच्या हातात दिला, तेव्हा कुठे त्या रडल्या म्हणे.

आजही खंडेनवमीला बँकेची तिजोरी रिकामी करून उघडी ठेवतात. सारा गाव पोराबाळांना घेऊन ती बघायला येतो, आत काही नाही याची खात्री करून घेतो आणि निर्धास्त घरी जातो. त्या दिवशी पहिलं गूळपाणी मिळतं ते भिकू गुरवाच्या घरच्या माणसाला.

प्यालात ना पाणी? आता सांगा, किती काढायचेत?